वाचनालयातलं लिनक्स मिंट: अपडेट आणि सुरक्षेच्या प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर २०२५

काम ठरलं. वाचनालयातल्या सामायिक संगणकांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली बसवायची आणि ते अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी तिथल्याच माणसांच्या हाती सोपवायची. घाई तारखेमुळे आहे. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपतोय, आणि ही यंत्रं विंडोज ११ स्वीकारणार नाहीत. काहींचे प्रोसेसर पात्र यादीत बसत नाहीत, काहींत टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही. एरवी यंत्रं ठणठणीत आहेत. केवळ सुरक्षा अपडेट थांबली म्हणून ती भंगारात टाकणं मला पटत नाही, आणि अपडेट नसताना तशीच लोकांसमोर ठेवणं तर त्याहून पटत नाही.

निवड मिंट २२.२ ‘झारा’ची, सिनॅमन डेस्कटॉपसह. आवृत्ती सप्टेंबरमध्येच आली आहे. तिचा पाया उबुंटू २४.०४ या लिनक्स प्रणालीचा आहे, म्हणजे दीर्घ पाठिंब्याचा, आणि सुरक्षा अपडेट २०२९ पर्यंत मिळत राहतील. दर काही महिन्यांनी सगळं उलटंपालटं करणारी प्रणाली इथे नको.

नवख्यांसाठी सोपी प्रणाली बसवायला फार वेळ लागत नाही. बसवणारा निघून गेल्यावर दीड-दोन वर्षांनी पडद्याच्या कोपऱ्यातल्या ढालीच्या, म्हणजे अपडेट मॅनेजरच्या, चिन्हावर कोण क्लिक करणार, याची मला काळजी आहे. म्हणून या नोंदींत बसवण्याबद्दल कमी आणि सांभाळण्याबद्दल जास्त लिहीन.

७ ऑक्टोबर

मिंट बसवण्याची फाइल, म्हणजे आयएसओ, उतरवली आणि पेन ड्राइव्हवर घालण्याआधी तपासली. वाचनालय सांभाळणाऱ्या ताई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “अधिकृत साइटवरूनच घेतली ना, मग परत तपासायची कशाला?”

कारण हे एकदा घडलेलं आहे. २० फेब्रुवारी २०१६ रोजी हल्लेखोर मिंटच्याच संकेतस्थळात शिरले आणि १७.३ सिनॅमनच्या डाउनलोडचा दुवा त्यांनी आपल्या फाइलकडे वळवला. त्या फाइलमध्ये मागचं दार, म्हणजे यंत्रात गुपचूप शिरायची वाट, ठेवलेलं होतं. त्या दिवशी ज्यांनी योग्य पत्त्यावर जाऊन योग्य बटण दाबलं, त्यांच्याही हाती बिघडवलेली आयएसओ पडली.

ताईंना दोन पायऱ्या दाखवल्या. पहिली म्हणजे फाइलची एसएचए-२५६ बेरीज (फाइलच्या मजकुरावरून काढलेला, तिच्या ठशासारखा आकडा) प्रसिद्ध केलेल्या बेरजेशी जुळवणं. फाइल अर्धवट उतरली असेल किंवा वाटेत बिघडली असेल, तर ते इथे कळतं. पण जो फाइल बदलू शकतो तो त्याच पानावरची बेरीजही बदलू शकतो. म्हणून दुसरी पायरी, बेरजांच्या फाइलवरची जीपीजी ही डिजिटल सही मिंटच्या किल्लीने पडताळणं. किल्लीचा गुप्त भाग संकेतस्थळाच्या सर्व्हरवर नसतो, त्यामुळे नुसती साइट फोडून खोटी सही करता येत नाही. ज्या यंत्रावर मिंट आधीपासून आहे तिथे आयएसओवर राइट-क्लिक करून पडताळणी करायची सोयही आहे. पुढच्या वेळी ताई तीच वापरतील.

बसवताना डिस्क एन्क्रिप्शनचा पर्याय येतो. बाहेर नेल्या जाणाऱ्या लॅपटॉपवर तो चालू केला. जागेवरच्या संगणकांवर केला नाही, कारण रोज सकाळी प्रत्येक यंत्रासमोर उभं राहून लांब पासवर्ड टाकावा लागला असता आणि आठवड्याभरात तो मॉनिटरवर चिकटवलेला दिसला असता.

९ ऑक्टोबर

आज एकही अपडेट लावलं नाही. आधी टाइमशिफ्ट, म्हणजे प्रणालीच्या त्या वेळच्या स्थितीची प्रत (स्नॅपशॉट) जपून ठेवणारं साधन.

माणसं अपडेट का टाळतात, हे मी बरीच वर्षं ऐकत आलोय. आळस हे कारण फार क्वचित असतं. “मागे एकदा अपडेट केलं आणि प्रिंटर गेला”, “सगळं नीट चाललंय, कशाला हात लावायचा”, अशीच उत्तरं मिळतात. ही भीती खरी आहे, अनुभवातून आलेली आहे. धोक्याचे आकडे सांगून ती जात नाही. काही बिघडलं तर कालच्या स्थितीला परत जाता येतं, हे माणसाने स्वतःच्या हाताने एकदा करून पाहिलं की मात्र जाते. या प्रकल्पात मला जर एकच गोष्ट धडपणे करता येणार असेल, तर ती हीच असावी असं वाटतं.

टाइमशिफ्ट मूळ टोनी जॉर्ज यांचं. २०२२ पासून त्याची देखभाल मिंटने आपल्याकडे घेतली आहे. आरसिंक पद्धत निवडली. तिच्यात पहिला स्नॅपशॉट पूर्ण जागा घेतो. पुढच्या प्रत्येक स्नॅपशॉटमध्ये न बदललेल्या फाइल्स हार्ड लिंकने जोडलेल्या असतात, म्हणून वाढीव जागा फक्त बदललेल्या फाइल्सना लागते. साठवण्यासाठी लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट केलेलं विभाजन लागतं. बाजारातून आणलेला पेन ड्राइव्ह जसाच्या तसा चालत नाही. रोजचे तीन आणि आठवड्याचे दोन स्नॅपशॉट राहतील असं लावलं.

मग रंगीत तालीम. एका यंत्रावर ताईंनी डेस्कटॉपवर एक मजकुराची फाइल बनवली आणि स्नॅपशॉट घेतला. त्यानंतर मी मुद्दाम सिनॅमनचं पॅकेज काढून टाकलं. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर नेहमीचा डेस्कटॉप आलाच नाही. ताई म्हणाल्या, “हे तर गेलंच.” मी काही बोललो नाही, त्यांच्या हाती मिंटचा पेन ड्राइव्ह दिला. त्यावरून यंत्र चालू करणं, टाइमशिफ्ट उघडणं, आतली डिस्क दाखवणं, सकाळचा स्नॅपशॉट निवडून रिस्टोअर दाबणं, सगळं त्यांनीच केलं. चहा पिऊन होईपर्यंत डेस्कटॉप जसाच्या तसा परत आला.

त्यांची मजकुराची फाइलही जागेवर होती. इथे एक गोष्ट ठासून सांगितली. टाइमशिफ्ट प्रणालीच्या फाइल्स मागे नेतं. होम फोल्डर, म्हणजे आपली कागदपत्रं आणि छायाचित्रं, ते सहसा वगळतं. म्हणून फाइल वाचली, आणि म्हणूनच उद्या कुणी ती चुकून पुसली तर टाइमशिफ्टमधून ती परत मिळणार नाही. कागदपत्रांचा बॅकअप वेगळा हवा. तो बाहेरच्या डिस्कवर आठवड्यातून एकदा घ्यायचा असं ठरवलं.

१० ऑक्टोबर

पहिली अपडेट. अपडेट मॅनेजर सुरुवातीला स्वतःलाच अद्ययावत करून घेतो, मग जवळचा मिरर, म्हणजे अपडेटच्या प्रती ठेवणारा सर्व्हर, निवडायला सुचवतो, मग यादी येते. ताजी आयएसओ असूनही यादी लांब होती. प्रत्येक ओळीच्या डाव्या बाजूच्या चिन्हावरून ते सुरक्षा अपडेट आहे, कर्नलचं (प्रणालीच्या गाभ्याचं) आहे की साधी सुधारणा, हे कळतं. ओळ निवडली की खाली वर्णन आणि बदलांची यादी दिसते.

मिरर कुणाचाही असू शकतो, मग त्यावर भरवसा कसा ठेवायचा, असं वाचनालयात नियमित येणाऱ्या एका मुलाने विचारलं. छान प्रश्न. पॅकेजांच्या सूचीवर वितरणाची, म्हणजे प्रणाली बनवणाऱ्यांची, सही असते, सूचीत प्रत्येक पॅकेजच्या फाइलची बेरीज असते, आणि पॅकेजं बसवणारं एपीटी हे साधन हे दोन्ही तपासल्याशिवाय काही बसवत नाही. मिररच्या मालकाने एखादं पॅकेज बदललं तर बेरीज जुळणार नाही, सूची बदलली तर सही जुळणार नाही.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न ताईंचा. ‘इन्स्टॉल’ दाबल्यावर चौकट आली. “दादा, हा पासवर्ड मागतोय. देऊ का?”

हा प्रश्न त्यांच्या तोंडी कायम राहावा अशी माझी इच्छा आहे. नवख्या माणसाच्या लिनक्सवर हल्ला व्हायचा तर तो बहुधा याच चौकटीतून होईल. एखादा गूढ प्रोग्राम आपोआप आत शिरण्यापेक्षा, कुणीतरी सांगितलं म्हणून माणसाने स्वतःच पासवर्ड टाकून दार उघडण्याची शक्यता फार मोठी आहे. आम्ही ठरवलेला नियम असा. जे काम मी आत्ता स्वतः सुरू केलं, त्यानेच पासवर्ड मागितला असेल तर द्यायचा. काही न करता चौकट उगवली तर रद्द करायची आणि विचारायचं. ब्राउझरमधलं एखादं पान ‘तुमची प्रणाली जुनी झाली आहे, इथे क्लिक करा’ म्हणत असेल तर ते खोटं आहे, दरवेळी. मिंटची अपडेट वेबपानावरून येत नाहीत.

१३ ऑक्टोबर

मदतीला येणाऱ्या एका मित्राने आठवण करून दिली की मिंटमध्ये ‘चौथ्या-पाचव्या पातळीची अपडेट लावू नयेत’. जुन्या मार्गदर्शनांत हे अजूनही सापडतं. पूर्वी अपडेट मॅनेजर प्रत्येक अपडेटला १ ते ५ अशी पातळी द्यायचा, आणि कर्नलसारखी नाजूक अपडेट वरच्या पातळ्यांत पडायची. परिणाम असा की कर्नलमधल्या सुरक्षेच्या दुरुस्त्या अनेकांनी वर्षानुवर्षं लावल्याच नाहीत. २०१८ च्या मिंट १९ पासून धोरण बदललं. टाइमशिफ्ट हाताशी ठेवा आणि सगळी अपडेट लावा, असा सल्ला आला. पुढे पातळ्याही काढून टाकल्या. मला हा बदल मिंटने घेतलेल्या सर्वांत चांगल्या निर्णयांपैकी एक वाटतो. कुठलं अपडेट धोक्याचं ते ओळखण्याचं ओझं नवख्या माणसावर टाकणं बरोबर नव्हतं.

१४ ऑक्टोबर

उरलेल्या यंत्रांवर मिंट बसलं. प्रत्येकावर अपडेटच्या आधी स्नॅपशॉट घेतला.

१७ ऑक्टोबर

ताईंनी अडवलं, आणि योग्य जागी अडवलं. एका प्रोग्रामची मूळ निर्मात्यांची ताजी आवृत्ती बरीच पुढे गेली आहे आणि आपल्याकडे मागचीच आहे. “सगळी अपडेट लावून झाली म्हणतोय, पण आकडा तर जुनाच. मग आपण सुरक्षित कसे?”

उबुंटू आणि त्यावर उभं असलेलं मिंट हे आवृत्ती एकदा ठरवतात आणि सहसा तिथेच राहतात. सुरक्षेतला दोष सापडला की त्याची दुरुस्ती तेवढी उचलून त्या जुन्या आवृत्तीत बसवली जाते. वागणूक बदलत नाही, छिद्र बुजतं. पॅकेजच्या नावामागे जी लांब शेपटी असते, तिच्यातला शेवटचा आकडा वाढलेला दिसतो. नक्की काय बुजवलं ते बदलांच्या यादीत सीव्हीई क्रमांकासह, म्हणजे त्या दोषाच्या जाहीर नोंदणी क्रमांकासह, लिहिलेलं असतं.

ताईंना एक उदाहरण दिलं. जानेवारी २०२१ मध्ये सुडोमध्ये, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवणाऱ्या साधनात, एक दोष उघड झाला, क्रमांक सीव्हीई-२०२१-३१५६. तो २०११ पासून तिथे होता, आणि त्याच्या जोरावर यंत्रावरचा कुठलाही साधा वापरकर्ता पूर्ण अधिकार मिळवू शकत होता. सामायिक संगणकासाठी यापेक्षा वाईट दोष कल्पनेत येणं कठीण. ज्यांनी त्या आठवड्यात नेहमीप्रमाणे अपडेट लावली त्यांच्याकडे सुडोची आवृत्ती वरवर जुनीच राहिली, पण दोष गेला.

याची उलट बाजूही आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल्स दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेलं मागचं दार सापडलं. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचचं, म्हणजे दूरच्या संगणकात शिरण्याचं, लॉगिन सुमारे अर्धा सेकंद हळू होतंय हे खटकलं, आणि तो धागा धरून तो तिथपर्यंत पोचला. त्या आवृत्त्या चाचणीच्या आणि सतत पुढे सरकणाऱ्या वितरणांत पोचल्या होत्या. त्या वेळच्या स्थिर मिंटमध्ये जुनीच आवृत्ती असल्याने ते वाचलं. तेव्हा आवृत्तीच्या आकड्यावरून सुरक्षा मोजू नका, पाठिंब्याची तारीख आणि बदलांची यादी पाहा, एवढं ताईंच्या वहीत लिहून दिलं.

एक मर्यादा मात्र मी लपवली नाही. उबुंटूच्या ‘मेन’ भांडारातल्या पॅकेजांना उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीचा पूर्ण पाच वर्षांचा पाठिंबा असतो. ‘युनिव्हर्स’मधली हजारो पॅकेजं समाजाच्या भरवशावर असतात आणि तिथे दुरुस्ती यायला वेळ लागू शकतो. म्हणून न लागणारे प्रोग्राम काढून टाकले. जे बसवलेलंच नाही त्यात छिद्र सापडलं तरी आपल्याला फरक पडत नाही.

२७ ऑक्टोबर

आज फक्त ब्राउझर. वाचनालयात लोक नव्वद टक्के वेळ तिथेच असतात असं म्हटलं तर वावगं होणार नाही, आणि अनोळखी मजकूर यंत्रात येण्याचा मोठा रस्ताही तोच.

वर सांगितलेला ‘आवृत्ती तीच, दुरुस्ती नवी’ हा नियम ब्राउझरला लागू नाही. फायरफॉक्सची पूर्ण नवी आवृत्ती साधारण चार आठवड्यांनी येते आणि मिंट ती तशीच देतं. २०२२ पासून मिंटमधला फायरफॉक्स मोझिलाच्याच बांधणीचा आहे, पण अपडेट अपडेट मॅनेजरमधूनच येतं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये मिंटच्या चमूने वापरकर्त्यांना कळकळीने लिहिलं होतं. नवा फायरफॉक्स आल्यावर आठवड्याच्या आत तो लावून घेणारे जेमतेम तीस टक्के निघाले होते. पाठिंबा संपून गेलेल्या १७ व्या मालिकेवर काम करणारेही बरेच होते. त्याच वर्षीच्या २०.२ आवृत्तीत अपडेट मॅनेजर आठवण करून द्यायला लागला. एखादं अपडेट लॉगिन केलेले सात दिवस किंवा कॅलेंडरचे पंधरा दिवस पडून राहिलं की सूचना येते. या मुदती बदलता येतात. ताईंच्या यंत्रावर सात दिवसांचे तीन केले.

ब्राउझर उघडा असताना अपडेट लावलं की डिस्कवर नवी आवृत्ती आणि स्मृतीत जुनी, असं होतं. दोष बुजवलेला फायरफॉक्स चालू व्हायचा तर उघडलेला बंद करावा लागतो. दिवसच्या दिवस ब्राउझर उघडा ठेवण्याची सवय असलेल्यांना हे दोनदा सांगावं लागलं.

३ नोव्हेंबर

फ्लॅटपॅक, म्हणजे कुठल्याही लिनक्सवर चालतील असे बांधलेले प्रोग्राम. एका वाचकाला ताजं चित्र-संपादन साधन हवं होतं, ते फ्लॅटहब या त्यांच्या संकेतस्थळावरून घेता येतं. घेण्याआधी विचार केला.

नेहमीच्या पॅकेजांत एखादी लायब्ररी (अनेक प्रोग्रामना लागणारा तयार कोड) यंत्रावर एकच असते आणि सगळे प्रोग्राम तीच वापरतात. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपी या चित्रं उलगडणाऱ्या लायब्ररीत गंभीर दोष निघाला (सीव्हीई-२०२३-४८६३), तेव्हा लायब्ररीचं एक अपडेट लावलं की तिच्यावर विसंबलेले प्रोग्राम एकदम सावरले. ज्यांनी तिची प्रत स्वतःच्या पोटात ठेवली होती, त्या प्रत्येकाला मात्र वेगळी दुरुस्ती काढावी लागली. फ्लॅटपॅकचे प्रोग्राम सामायिक रनटाइमवर, म्हणजे लायब्रऱ्यांच्या तयार संचावर, चालतात, शिवाय काही लायब्रऱ्या सोबत आणतात. रनटाइम नियमित सुधारलं तर ठीक. निर्मात्याने प्रोग्रामकडे पाठ फिरवली असेल तर तो पाठिंबा संपलेल्या रनटाइमवर रेंगाळतो. दुसऱ्या बाजूला, फ्लॅटपॅकचा प्रोग्राम प्रणालीपासून काहीसा वेगळा कोंडलेला असतो. हा फायदा खरा आहे, पण प्रत्येक प्रोग्रामने किती परवानग्या मागितल्या आहेत त्यावर तो अवलंबून असतो.

मिंट २२ पासून सॉफ्टवेअर मॅनेजर अपडताळित फ्लॅटपॅक दाखवतच नाही, म्हणजे जे मूळ निर्मात्याने दिलेत याची खात्री झालेली नाही ते. ती सेटिंग तशीच ठेवली. ठरलं असं की आधी मिंटच्या भांडारात पाहायचं, तिथे नसेल किंवा फारच जुनं असेल तर पडताळलेलं फ्लॅटपॅक घ्यायचं. त्यांची अपडेटही अपडेट मॅनेजरच्या यादीतच येतात, त्यामुळे ताईंना दुसरीकडे पाहावं लागत नाही.

६ नोव्हेंबर

पीपीए, म्हणजे इतर कुणी चालवलेली उबुंटूसाठीची पॅकेज-भांडारं, जोडायची नाहीत. एका वाचकाने मार्गदर्शन दाखवलं, त्यात असं भांडार जोडणारी एक ओळ टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, चिकटवायला सांगितली होती. पॅकेज बसताना त्याच्या सूचना पूर्ण अधिकाराने चालतात, आणि भांडार एकदा जोडलं की त्याचा मालक पुढच्या प्रत्येक अपडेटमध्ये हवं ते पाठवू शकतो. आज चांगला असलेला माणूस दोन वर्षांनी ते भांडार सोडून देईल, हेही तितकंच शक्य. त्या वाचकाचं काम मिंटच्या भांडारातल्या दुसऱ्या प्रोग्रामने झालं.

१२ नोव्हेंबर

सकाळी ताईंचा फोन. काल लागलेल्या अपडेटनंतर एका यंत्रावर वायफाय नाही. आवाजात घाबरणं नव्हतं, हे मला लगेच जाणवलं.

यादीत कर्नलचं अपडेट होतं. अपडेटचा इतिहास अपडेट मॅनेजरच्या ‘व्ह्यू’ मेनूत असतो आणि मी सांगायच्या आधीच ताईंनी तो उघडून वाचून दाखवला. यंत्र पुन्हा सुरू करताना ग्रबचा, म्हणजे प्रणाली सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू आणायला सांगितलं. जुन्या बायोसच्या यंत्रांवर शिफ्ट दाबून धरावी लागते, यूईएफआय असेल तर एस्केप. ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये आधीचा कर्नल दिसतो. तो निवडला आणि वायफाय परत आलं. नवा कर्नल बसताना जुना काढला जात नाही, ही मिंटची फार मोलाची सवय आहे.

दुपारी जाऊन कारण शोधलं. त्या यंत्राला लावलेल्या छोट्या यूएसबी वायफाय ॲडॉप्टरचा ड्रायव्हर कर्नलसोबत येत नाही, वेगळा बांधावा लागतो. डीकेएमएस ही सोय प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो आपोआप बांधते, पण त्यासाठी त्याच कर्नलचं हेडर पॅकेज (ड्रायव्हर बांधताना लागणाऱ्या फाइल्स) लागतं. इथे फक्त जुन्या कर्नलचं होतं, पुढची हेडर्स आपोआप आणणारं मुख्य पॅकेज नव्हतं. ते बसवलं, ड्रायव्हर बांधला गेला, नव्या कर्नलवर वायफाय चालू झालं. तरीही माझं मत असं की नवा ॲडॉप्टर घ्यायची वेळ येईल तेव्हा ज्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे असाच घ्यावा. वेगळा बांधलेला प्रत्येक ड्रायव्हर म्हणजे दर कर्नलला उभा राहणारा प्रश्न, आणि अशा प्रश्नांनीच माणसं कर्नलची अपडेट टाळायला शिकतात.

नवा कर्नल यंत्र पुन्हा सुरू केल्यावरच कामाला लागतो, हेही आज पुन्हा सांगून झालं. अपडेट लावून महिनाभर यंत्र चालूच ठेवलं तर दुरुस्ती डिस्कवर पडून राहते.

१८ नोव्हेंबर

खाती आणि फायरवॉल (नेटवर्कवरच्या जोडण्या अडवणारी भिंत). वाचकांसाठी साधं खातं, ज्याला प्रशासकीय अधिकार नाहीत. त्यावरून प्रणालीत काही बसवता येत नाही. अधूनमधून येणाऱ्यांसाठी लॉगिन विंडोच्या सेटिंगमधून पाहुण्याचं सत्र चालू केलं. बाहेर पडलं की त्यातल्या फाइल्स आणि उघडी राहिलेली लॉगिन पुसली जातात. सामायिक संगणकावर याचा उपयोग अँटिव्हायरसपेक्षा जास्त आहे असं माझं ठाम मत आहे, कारण इथे होणारं नुकसान बहुतेक वेळा मागच्या माणसाचं मेल खातं उघडं राहिल्याने होतं.

मिंटमध्ये फायरवॉल असते, पण बंद. चालू करणं एका बटणाचं काम आहे. बाहेरून येणाऱ्या जोडण्या नाकारायच्या, आतून जाणाऱ्यांना मोकळीक. नव्याने बसवलेल्या यंत्रावर बाहेरून ऐकत बसलेल्या सेवा थोड्याच असतात, तरी अनेकांचं वायफाय एकच असलेल्या जागेत ती चालू असावी.

२५ नोव्हेंबर

स्वयंचलित अपडेट चालू करावीत का, यावर ताईंशी बराच वेळ बोललो. त्यांचं म्हणणं, डोळ्यांसमोर लावलं की काय झालं ते कळतं. वायफायच्या प्रसंगात त्यांना ते उपयोगी पडलंच. माझं म्हणणं, सुट्ट्या लागल्या किंवा त्या आजारी पडल्या तर यंत्रं मागे राहतील.

शेवटी दोन्ही घेतलं. वाचकांच्या यंत्रांवर अपडेट मॅनेजरच्या प्राधान्यांमधून स्वयंचलित अपडेट चालू केली, जुने कर्नल आपोआप काढण्याची सोयही, नाहीतर डिस्क हळूहळू भरत जाते. ताईंच्या स्वतःच्या यंत्रावर सगळं हाताने, आठवड्याच्या सुरुवातीला. यंत्रं सारख्याच प्रकारची असल्याने काय आलं आणि काय बदललं हे त्यांना तिथे वाचायला मिळतं. रोजचा स्नॅपशॉट दोन्हीकडे. यंत्रं संध्याकाळी बंद होतात, त्यामुळे नवा कर्नल सकाळी आपोआप लागू होतो.

एक धोका उरतो. अपडेट चालू असताना भिंतीवरचा मुख्य स्विच बंद केला तर पॅकेज अर्धवट बसतं. बंद करायचं ते मेनूतूनच, आणि पडदा पूर्ण काळा झाल्यावरच स्विच, असं सगळ्यांना सांगितलं.

८ डिसेंबर

आज मी फक्त पाहत बसलो. ताईंनी यादी उघडली, सुरक्षा अपडेटवर नजर टाकली, एका ओळीचे बदल वाचले, स्नॅपशॉट आजचा आहे ना ते पाहिलं आणि इन्स्टॉल दाबलं. पासवर्डची चौकट आल्यावर क्षणभर थांबून त्यांनी वर लिहिलेलं नाव वाचलं. त्या थांबण्याचा मला मनापासून आनंद झाला.

त्यांच्या वहीत पुढच्या गोष्टी लिहून दिल्या. २२ मालिकेतली पुढची आवृत्ती आली की अपडेट मॅनेजरच्या ‘एडिट’ मेनूत तसा पर्याय दिसेल. तो घ्यायला हरकत नाही, आधी स्नॅपशॉट मात्र हवा. २३ व्या मालिकेकडे जाणं हे मोठं पाऊल आहे, त्यासाठी वेगळं साधन आहे. घाई नाही, कारण आपल्याकडे २०२९ पर्यंत वेळ आहे, पण ती तारीख ओलांडायची नाही. कागदपत्रांच्या बॅकअपमधली एखादी फाइल दर महिन्याला उघडून पाहायची.

राहिलेलं काम: लॅपटॉपचं फर्मवेअर (यंत्राच्या भागांतच बसवलेलं सॉफ्टवेअर) एफडब्ल्यूयूपीडी या साधनाने तपासायचं आहे, बॅटरी पूर्ण भरलेली असताना. ते पुढच्या भेटीत.